ढोरवाट

छापखान्यात बरीच वर्षे काढलेल्या माणसाचे कान यंत्राला सरावलेले असतात. कागद तिरका जाऊ लागला किंवा रोलर कोरडा पडला, की यंत्राच्या ठेक्यात किंचित फरक पडतो आणि हातातले काम टाकून आपण तिकडे धावतो. मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या छापखान्यात उत्पादन विभागाचा प्रमुख होतो आणि माझ्या या कानांचा मला अभिमान होता. तीन यंत्रे एकाच वेळी चालू असली, तरी त्यांतले कोणते कुरकुरते आहे, हे मी माझ्या टेबलाशी बसून सांगत असे. त्या यंत्रांभोवती उभी असलेली माणसे मात्र मला ऐकू येत नव्हती. हे कळण्यासाठी मला हरिश्चंद्रगडावरच्या धुक्यात वाट चुकावी लागली.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या वर्षी जून महिन्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. एका शाळेसाठी छापलेल्या पुस्तकाच्या ३,००० प्रती बांधून, कापून, गठ्ठे करून रवाना झाल्या. चौथ्या दिवशी शाळेतून निरोप आला, की पृष्ठ ९८ नंतर एकदम १०३ येते आणि मधली पृष्ठे पुढे भलतीकडेच सापडतात. पुस्तक छापताना एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पृष्ठे छापली जातात. त्या कागदाच्या घड्या घातल्या, की एक फर्मा तयार होतो. कागदावर पृष्ठे मांडताना जरा इकडचे तिकडे झाले, तरी घडी घातल्यावर सगळा क्रम बिघडतो. आमच्या सातव्या फर्म्यात तेच झाले होते. सगळ्या प्रती परत आणाव्या लागल्या, तो फर्मा पुन्हा छापावा लागला आणि बांधणी उसवून पुस्तके नव्याने शिवावी लागली.

मग सुरू झाला दोषाचा खो-खो. संगणकावर पाने मांडणाऱ्यांनी प्लेट करणाऱ्याकडे बोट दाखवले. प्लेट करणारा म्हणाला, की यंत्रावर पहिला कागद निघाल्यावर मशीनमनने तो तपासायला हवा होता. मशीनमन म्हणाला, की छापलेले नीट उठले आहे की नाही, एवढेच तो पाहतो. क्रम पाहणे हे त्याचे काम नव्हे. शेवटी खो जाऊन बसला बांधणी विभागाला. घडी घालताना पृष्ठांक डोळ्यांसमोर असतात, मग यांना दिसले कसे नाही? बांधणी विभागातल्या सहा जणांचा त्या महिन्याचा ओव्हरटाइम कापावा, अशी शिफारस मी केली. मालकांनी ती मान्य केली. तसा नियम नव्हता. पण कोणावर तरी ठपका ठेवल्याशिवाय प्रकरण मिटले असे मला वाटले नसते.

प्रकरण मिटले नाहीच. माणसे कामाला येत, काम करत आणि घरी जात. पूर्वी दुपारी सगळे डबे एका टेबलावर उघडत. आता तीन ठिकाणी तीन घोळके बसू लागले. मालकांच्या हे ध्यानात आले. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना रानावनात, डोंगरांवर शिबिरांना नेतात आणि त्यामुळे माणसे एकमेकांच्या जवळ येतात, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. अशी शिबिरे घेणाऱ्या संस्थांची फी आम्हांला परवडण्यासारखी नव्हती. ते मला म्हणाले, “तुम्ही कॉलेजात असताना गड चढायचात ना? मग तुम्हीच घेऊन जा.” हरिश्चंद्रगडावर मी तीन वेळा जाऊन आलो होतो. मी होकार दिला आणि त्याच क्षणी माझ्या मनात मी पुढारी झालो.

सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी पहाटे आम्ही अकरा जण निघालो. दोन मशीनमन, संगणकावर काम करणारा एक मुलगा व एक मुलगी, हिशेब पाहणाऱ्या बाई, मुद्रिते तपासणारे निवृत्त शिक्षक, गाडीचालक, बांधणी विभागातले तिघे आणि मी. बांधणीतल्या तिघांपैकी सर्वांत वयस्कर होते ते मामा. छापखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणत. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावातून ते तरुणपणी पुण्याला आले होते. तीस वर्षे त्यांनी कागदांना घड्या घातल्या होत्या आणि पुठ्ठ्यांना खळ लावली होती. ते फार कमी बोलत. हा त्यांचा स्वभाव आहे, असे मी समजत होतो.

हरिश्चंद्रगड सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीलगत उभा आहे. त्याची उंची सुमारे १,४०० मीटर आहे. अकोले तालुक्यातल्या पाचनई गावातून येणारी वाट सोपी आहे. आम्ही जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरची लांबची वाट धरली, कारण ती माझ्या परिचयाची होती. आळेफाट्यावरून खुबी फाट्याला पोहोचलो आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरात उतरलो, तेव्हा पाण्यावर कोवळे ऊन पसरले होते. गावातला एक माणूस जवळ आला. “वर धुकं लई आहे साहेब. वाटाड्या घ्या. माझा पोरगा येईल,” तो म्हणाला. मी हसून नकार दिला. “मी तीनदा गेलोय वर,” मी जरा मोठ्यानेच म्हणालो. माझ्या माणसांना ते ऐकू जावे, अशी माझी इच्छा होती.

चढ सुरू झाला. मी सर्वांच्या पुढे होतो. संगणकावरचे दोघे माझ्या पाठोपाठ होते, त्यांच्यामागे मशीनमन, मग शिक्षक आणि चालक. हिशेबाच्या बाई धापा टाकत बऱ्याच मागे पडल्या होत्या. सर्वांत शेवटी बांधणी विभागाचे तिघे होते. तांदूळ, डाळ, मोठे पातेले, रॉकेलचा स्टोव्ह आणि ताडपत्री हे सगळे सामाईक ओझे त्यांच्याच पाठीवर होते. ते कोणी कोणाला दिले नव्हते. गाडीतून सामान उतरवताना ज्यांना उचलण्याची सवय होती, त्यांनी ते उचलले होते. म्हणजे आम्ही रानात आलो होतो खरे. पण येताना छापखानाही बरोबर घेऊन आलो होतो. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. दर वळणावर मी थांबत असे आणि मागची माणसे दृष्टीस पडली, की पुन्हा चालू लागत असे. त्यामुळे माझी विश्रांती होत होती. मागून येणाऱ्यांची मात्र होत नव्हती, कारण ते पोहोचेपर्यंत मी निघालेला असे.

तोलार खिंडीत दगडात कोरलेले वाघाचे जुने शिल्प आहे. तिथे थोडे थांबून आम्ही कातळाच्या टप्प्याला लागलो. खडकात लोखंडी कठडे बसवलेले असले, तरी ओला खडक पाहून हिशेबाच्या बाईंचे पाय थरथरू लागले. मी वरून ओरडून त्यांना धीर देत होतो. “काही होत नाही, या वर!” त्या जागच्या हलत नव्हत्या. मग मामांनी पाठीवरचे पातेले खाली ठेवले. ते बाईंच्या एक पायरी खाली उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, वर नका बघू. उजवा पाय इथं ठेवा. माझ्या हातावर ठेवलात तरी चालंल.” एकेक पाऊल सांगत त्यांनी बाईंना वर आणले आणि मग खाली जाऊन पातेले घेऊन आले. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत.

खिंडीच्या वर लहान लहान टेकड्यांची एक लांबलचक रांग आहे. एक टेकडी चढावी, उतरावी, ओढा ओलांडावा, की पुढे तशीच दुसरी उभी. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी सगळे पठार भरून गेले होते. दुसरी टेकडी उतरत असताना धुके आले. आधी समोरची टेकडी गेली, मग झाडे गेली आणि पाहता पाहता दहा हातांपलीकडचा माणूस दिसेना. एका ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. डावीकडची वाट जास्त रुंद आणि जास्त मळलेली होती. मी तिच्यावर पाऊल टाकले.

मागून हलक्या आवाजात मामा म्हणाले, “साहेब, ही ढोरवाट वाटती.”

मला ते शब्द ऐकू आले होते, हे मला आज कबूल केले पाहिजे. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की वाऱ्यामुळे ते नीट ऐकू आले नसावेत. पण मला ते स्वच्छ ऐकू आले होते. दहा जणांसमोर थांबायचे, मागे वळायचे आणि ‘मला खात्री नाही’ असे म्हणायचे, याची मला लाज वाटली. “चला, चला,” एवढेच मी म्हणालो आणि पुढे निघालो.

वीसेक मिनिटे गेली. वाट कारवीच्या दाट झुडपांत शिरली. तिला फाटे फुटले, त्या फाट्यांना आणखी फाटे फुटले. पायांखाली खडकाऐवजी ओले गवत आले. मी चालण्याचा वेग वाढवला. वाट चुकलेला माणूस बहुधा तेच करतो. एकाएकी तोंडावर वारा आला. तो समोरून येत नव्हता, खालून वर येत होता. त्याच वेळी मागून कोणीतरी माझ्या पाठीवरची पिशवी गच्च धरली आणि मला मागे ओढले. ते मामा होते. वाऱ्याने धुके क्षणभर बाजूला सारले. माझ्यापुढे चार हातांवर गवत संपत होते आणि त्यापुढे जमीन नव्हती. खोल खाली, पावसाने धुतलेल्या रानाचा एक हिरवा तुकडा दिसला आणि पुन्हा धुक्याने झाकला गेला.

कोणी काहीच बोलले नाही. आम्ही होतो तिथेच खाली बसलो. माझे गुडघे थरथरत होते. माझ्या मागोमाग संगणकावरची ती बावीस वर्षांची मुलगी चालत होती, हे मला राहून राहून आठवत होते.

थोड्या वेळाने मी विचारले, “मामा, ही ढोरवाट आहे, हे तुम्ही कशावरून ओळखलंत?”

मामा म्हणाले, “माणसाला कुठंतरी जायचं असतं साहेब, म्हणून माणसाची वाट एकाच दिशेनं जाती. ढोराला चरायचं असतं. जिकडं गवत तिकडं ढोर जातं, म्हणून ढोरवाटेला फाटे फुटत राहतात. माणसाच्या वाटेवर दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो. इथं शेण हाये, पण गुळगुळीत दगुड एक नाही.” लहानपणी त्यांनी याच डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला गुरे राखली होती. माझ्या हाताखाली इतकी वर्षे काम करणाऱ्या या माणसाला डोंगर वाचता येतो, हे मला माहीत नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

परतताना मामा पुढे झाले. त्यांच्यामागे त्यांनी हिशेबाच्या बाईंना ठेवले. “ज्याला हळू चालायचंय त्यानं पुढं राहावं, म्हणजे कोणी मागं राहत नाही,” ते म्हणाले. सामाईक ओझे सगळ्यांत वाटले गेले. पातेले थोरल्या मशीनमनने घेतले. यंत्राच्या खडखडाटातही ज्याची हाक सगळीकडे पोहोचते असा हा माणूस. धुक्यात दर शंभर पावलांवर थांबून एक ते अकरा आकडे म्हणवून घेण्याचे काम त्याच्याकडे आले. शिक्षकांची नजर आयुष्यभर चुकलेली अक्षरे शोधण्यात गेली होती. खडकावर पूर्वी कोणीतरी रंगवलेला आणि आता पुसट झालेला बाण सर्वप्रथम त्यांनाच दिसला. माझ्याकडे काहीच काम उरले नव्हते, म्हणून मी सर्वांच्या शेवटी चालू लागलो.

शेवटून चालताना मला माझी माणसे दिसू लागली. त्या मुलीच्या एका बुटाचा तळवा सुटला होता आणि ती पाय ओढत चालत होती. बांधणीतल्या तरुणाच्या पिशवीला पट्टा नव्हता. पुस्तकांचे गठ्ठे बांधण्याच्या सुतळीने त्याने ती खांद्याला अडकवली होती आणि सुतळी खांद्यात रुतली होती. चालकाचा गुडघा उतारावर दुखत होता, म्हणून तो उतार आडवा उतरत होता. हे सगळे सकाळपासून असेच चालले असणार. पुढे चालताना मला त्यातले काहीही दिसले नव्हते. आम्ही थांबलो. गठ्ठे बांधण्यात मुरलेल्या बोटांनी बांधणीतल्या दुसऱ्या माणसाने सुतळीने त्या मुलीचा बूट असा आवळून दिला, की तो परत पुण्याला येईपर्यंत सुटला नाही.

चार वाजता आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोहोचलो. संध्याकाळी धुके विरळ झाले, तेव्हा आम्ही केदारेश्वराच्या गुहेत गेलो. तिथे छातीपर्यंतच्या थंडगार पाण्यात एक विशाल शिवलिंग आहे. त्याच्याभोवती पूर्वी चार खांब होते. आज त्यांपैकी एकच शाबूत आहे. त्या एका खांबाकडे आम्ही सगळेच बराच वेळ पाहत उभे होतो. हिशेबाच्या बाई हळूच म्हणाल्या, “केवढं ओझं आलंय बिचाऱ्यावर!”

रात्री आम्ही देवळाजवळच्या गुहेत मुक्काम केला. खिचडी शिजली. दमलेल्या माणसांच्या जेवणाला असते, तशी शांतता होती. जेवण झाल्यावर मी मामांना विचारले, “मघाशी तुम्ही एकदाच बोललात. मी ऐकलं नाही, तर पुन्हा का नाही सांगितलंत?”

मामा बराच वेळ स्टोव्हच्या ज्योतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, राग नसंल तर सांगतो. तो सातवा फर्मा पहिली घडी घातली तेव्हाच मला दिसला होता.”

गुहेत सगळे स्तब्ध झाले.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारले. माझ्या आवाजात तेव्हाही थोडा राग होता.

“दोन वर्सांमागं मी एकदा काम थांबवलं होतं,” मामा म्हणाले. “पुस्तकात मधेच एक पान कोरं होतं. मला वाटलं, छापायचं राहिलं. मी तुमच्याकडं घेऊन आलो. ते पान मुद्दाम कोरं ठेवलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘मामा, तुम्ही खळ लावा. पानं बघायला आम्ही आहोत.’ तवापासून मी खळच लावतो.”

मला ते वाक्य आठवत नव्हते. बोलणारा विसरतो. ज्याला लागते, त्याला तारीख-वारासकट आठवते. माझ्या त्या एका वाक्याने एका अनुभवी माणसाचे डोळे दोन वर्षे बंद केले होते. आणि त्या बंद डोळ्यांची शिक्षा म्हणून मी सहा जणांचे पैसे कापले होते. मी मामांची सर्वांसमोर क्षमा मागितली. ते संकोचून गेले आणि पातेले घासायला उठले. थोड्या वेळाने संगणकावरचा मुलगा म्हणाला, “सर, पानं मांडताना चूक माझ्याच हातून झाली होती. मला तेव्हा भीती वाटली.” थोरला मशीनमन म्हणाला, “पहिला कागद मी उलगडून पाहायला हवा होता.” दुसरा मशीनमन भिंतीकडे तोंड करून झोपी गेला. त्याला या बोलण्यात भाग घ्यायचा नव्हता. रानात एक रात्र काढल्याने सगळेच मोकळे होतात, असे नाही.

परत आल्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. निसर्गातल्या अशा शिबिरांमागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजे बुडवली, की खलाशांना लहान होड्यांतून समुद्रावर दिवस काढावे लागत. अंगात अधिक ताकद असूनही तरुण खलाशी आधी धीर सोडतात आणि अनुभवी, वयस्कर खलाशी तग धरतात, असे लॉरेन्स होल्ट या जहाज-व्यावसायिकाचे निरीक्षण होते. त्याच्या साहाय्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९४१ साली वेल्समधील एबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. समुद्र आणि डोंगर हेच तिथले वर्ग होते. पुढे ही कल्पना अनेक देशांत पोहोचली आणि कारखाने व कार्यालये यांनीही ती उचलली. आपल्याकडे १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ साली उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग सुरू झाली. उत्तरकाशीला शिकलेल्या बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यानंतर जमशेदपूरच्या टाटा स्टील ॲडव्हेंचर फाउंडेशनमध्ये त्यांनी कितीतरी वर्षे इतरांना डोंगरांची वाट दाखवली.

मला सर्वांत जवळची वाटली ती अर्नेस्ट शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेतली एक लहानशी हकिगत. १९१५ साली त्याचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज बर्फात चिरडले गेले आणि २८ माणसांना बर्फावर उतरावे लागले. झोपण्यासाठी उबदार केसाळ कातड्याच्या फक्त १८ पिशव्या होत्या. बाकीच्या साध्या लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकून त्या वाटण्यात आल्या. खलाशांच्या लक्षात आले, की शॅकल्टन आणि त्याचे बहुतेक अधिकारी यांच्या वाट्याला लोकरीच्याच पिशव्या आल्या आहेत. चिठ्ठ्यांमध्ये काही तरी लबाडी झाली होती आणि ती खलाशांच्या बाजूने झाली होती. ती २८ ही माणसे १९१६ साली जिवंत सुटली. खांद्यात रुतलेली ती सुतळी मला हे वाचताना आठवली.

रानात असे काय असते, जे कार्यालयात नसते? मला वाटते, रानात चुकीचे फळ लगेच आणि सर्वांना मिळते. छापखान्यात चूक एकाची असते, नुकसान दुसऱ्याचे होते आणि शिक्षा तिसऱ्याला मिळते. कड्याच्या काठावर अशी वाटणी करता येत नाही. तिथे माझे पद धुक्याला माहीत नव्हते. ज्याला वाट वाचता येत होती तो पुढे गेला. ज्याचा आवाज मोठा होता त्याने हाक दिली. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तयारीवाचून, वाटाड्यावाचून दहा जणांना डोंगरावर नेणे हे नेतृत्व नव्हते. तो माझा अविचार होता. त्या दिवशी मामांचा हात जरा उशिरा पोहोचला असता, तर हा लेख लिहिला गेला नसता. शिवाय डोंगर कोणालाही कायमचे बदलून पाठवत नाही. तो फक्त दाखवतो. पुढचे काम सोमवारी सकाळी सुरू होते.

त्या सोमवारी मी मालकांकडे गेलो आणि बांधणी विभागाचे कापलेले पैसे परत द्यावेत, असे म्हणालो. मालकांना ते पटले नाही. “जून महिन्याचा हिशेब केव्हाच बंद झाला,” ते म्हणाले. मी त्यांना सातव्या फर्म्याची सगळी हकिगत सांगितली आणि शिफारस माझी होती, तर कपात माझ्या पगारातून करावी, असे सुचवले. ते दोन दिवस गप्प होते. पुढच्या पगारात सहाही जणांचे पैसे आले. माझ्या पगारातून काही कापले गेले नाही. पण ते कापले गेले असते तरी मला चालले असते.

मग आम्ही एक साधा नियम केला. काम कोणतेही असो आणि शंका कोणालाही येवो, त्याने यंत्र थांबवावे. प्रत्येक पुस्तकाची घड्या घालून केलेली नमुना प्रत बांधणीच्या टेबलावर टांगलेली असावी आणि प्रत्येक फर्म्याची पहिली घडी तिच्याशी ताडून मामांनी सही केल्याशिवाय पुढची छपाई होऊ नये. पहिल्या महिन्यात तीन वेळा यंत्र विनाकारण थांबले. कागद आणि वेळ वाया गेला. तिसऱ्या वेळी तर माझ्या जिभेवर जुने वाक्य आले होते. मी ते गिळले. दुपारचे डबे लगेच एका टेबलावर आले नाहीत. दिवाळीनंतर कधीतरी ते आले, आणि नेमके कोणत्या दिवशी आले हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. भिंतीकडे तोंड करून झोपलेला दुसरा मशीनमन वर्षभरात दुसरीकडे निघून गेला.

मामा आता निवृत्त होऊन गावी असतात. त्यांच्या टेबलावर एक नवा मुलगा काम करतो. गेल्या महिन्यात एका दुपारी, यंत्र जोरात चालू असताना, तो एक फर्मा हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. “सर, यात एक पान कोरं आहे,” तो म्हणाला. “मी यंत्र थांबवायला सांगितलंय.”

मी फर्मा उघडला. नमुना प्रतीत पाहिले. ते पान मुद्दाम कोरे ठेवलेले होते; नवे प्रकरण उजव्या हाताच्या पानावर सुरू व्हावे म्हणून. पलीकडे यंत्र थांबल्यामुळे छापखान्यात विचित्र शांतता पसरली होती आणि सगळे आमच्याकडे पाहत होते.

“हे पान कोरंच ठेवायचं आहे,” मी त्याला ते कारण समजावून सांगितले. “पण तू थांबवलंस, ते बरं केलंस. पुन्हा शंका आली, तर पुन्हा थांबव.”

त्याने मान हलवली आणि तो आपल्या टेबलाकडे गेला. मशीनमनने कळ दाबली. यंत्र पुन्हा सुरू झाले.